मागच्या दारच्या नव्या फळ्या

मंगळवार, ४ मार्च

जुना डेक, म्हणजे आमचा फळ्यांचा ओटा, आज उखडला. मागच्या दारातून आता थेट माती दिसते. सूनबाई पहार घालत होती, मी कुजक्या फळ्या ओढून एका बाजूला रचत होतो. डोकं वर काढलेला प्रत्येक स्क्रू डब्यात टाकताना त्याला मनातल्या मनात एक शिवी हासडली. त्यातलाच एक आमच्या हिच्या टाचेत गेला होता. मणक्याच्या ऑपरेशनपासून हिच्या पायांना काही कळत नाही — ना गार, ना गरम, ना टोचलेलं. स्वयंपाकघरापर्यंत रक्ताची पावलं उमटलेली, आणि ही मलाच विचारते, "कोणाला लागलं हो?"

तेव्हापासून हिने दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. सकाळचा चहा, भाजी निवडणं, शेजारणीशी गप्पा — सगळं डेकवर चालायचं. आता खिडकीतून चालतं. डॉक्टर म्हणतात, पायांतली जाणीव परत येईलही, नाहीही.

गुरुवार, ६ मार्च

फळ्या आल्या. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेल्या. दिसायला लाकूड, पण कुसळ निघत नाही. आणि मुख्य म्हणजे वरून एकही स्क्रू नाही! फळीच्या दोन्ही कडांना लांबच लांब खाच. त्या खाचेत क्लिप बसते, क्लिपमधून स्क्रू खालच्या वाशात जातो, आणि पुढच्या फळीची खाच त्याच क्लिपवर सरकवायची. वरून हात फिरवा, काही लागत नाही. आम्ही शिंपी याला तुरपाई म्हणतो. जन्मभर हेच केलं — टाका पक्का हवा, पण दिसता कामा नये.

सूनबाई सुतारकामाचे ठेके घेते. गिऱ्हाइकं दारात उभी असतात. ती सगळी पुढे ढकलून आमच्याकडे आली. मी म्हटलं, "अगं, घरचं काम काय, केव्हाही होईल." म्हणाली, "बाबा, केव्हाही म्हणजे कधीच नाही. आईंनी किती दिवस खिडकीत बसायचं?" चिरंजीवांनी आयुष्यात एक गोष्ट नीट केली — लग्न.

रविवार, ९ मार्च

थकलो. पण चांगला थकलो.

पहिली फळी भिंतीलगत. ती सरळ तर पुढचं सगळं सरळ, म्हणून सूनबाईने दोरी लावून पुन्हा पुन्हा पाहिली. मी क्लिपा सरकवतो, ती ड्रिल चालवते. स्क्रू आधी अर्धाच पिळायचा. पुढची फळी आत सरकली की मग घट्ट. ही खिडकीतून मुकादमी करते. "अहो, गुडघ्यातून वाका. तुमचाही मणका गेला तर मला चहा कोण देईल?"

संध्याकाळी पायांना तेल लावून देत होतो. म्हणते, "हे कुणाचे तरी उसने आणलेत असं वाटतं. माझे कुठे ठेवलेत कोण जाणे." हसलो. मग आत जाऊन तोंड धुऊन आलो.

सोमवार, १० मार्च

सूनबाईला एका अडलेल्या गिऱ्हाइकाकडे जावं लागलं. "मी येईपर्यंत आराम करा, बाबा." आराम! हाताशी ड्रिल असताना?

एका फळीत पूर्ण लांबी भरत नाही, पुढे दुसरी जोडावी लागते. सूनबाईने तिच्या ओळींत त्या जोडाला फट ठेवली होती. मला ती बघवेना. शिवणीत फट म्हणजे उसवण. माझ्या ओळींत मी टोकाला टोक असं भिडवलं की नखही जाणार नाही. सकाळी थंडीने बोटं वळत नव्हती, तरी पार पायरीपर्यंत पोचलो. ती परतली तेव्हा अंधार पडला होता. दारातूनच बघून म्हणाली, "बाबा, कमाल केलीत." अस्मादिक खूश!

बुधवार, १२ मार्च

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

कालपासून ऊन एकदम तापलं. आज बघतो तर माझ्या ओळींतले सगळे जोड वर उचललेत. फळ्या एकमेकींना ढकलून भांडायला उभ्या. सूनबाई गुडघे टेकून त्यांवर बोट फिरवत होती. "या उन्हात लांब होतात, बाबा. थंडीत बसवल्या तर टोकाला जागा सोडावी लागते. मी सांगायला हवं होतं." चूक माझी, आणि दोष पदरात घेतेय ती.

बरं, मधलीच फळी काढावी तर तेही नाही. क्लिपांनी सगळ्या एकमेकींत अडकलेल्या. शेवटच्या फळीपासून उलटं येत सगळं उसवायचं.

कामाचं मला काही वाटत नाही. त्या उंचवट्याचं वाटतं. ज्या पायाला काही कळत नाही तो इथेच अडखळला असता — हिच्यासाठी केलेल्या डेकवर, माझ्या हातून. हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "जन्मभर लोकांचे कपडे उसवून सैल करून दिलेत. आता आपलं करा."

शनिवार, १५ मार्च

उसवलं. पुन्हा शिवलं. सुट्टी म्हणून चिरंजीवही हजर. त्यांनी स्क्रू हातात देण्याचं अवघड काम केलं. सूनबाई प्रत्येक जोडात एक पातळ पट्टी धरते आणि फळी बसली की काढून घेते. ती फट आता मला आवडायला लागली आहे. कपड्यातही माणूस बसेल-उठेल म्हणून थोडं ढिलं ठेवतोच की.

शेवटच्या फळीचे स्क्रूसुद्धा तिने खालून घेतले. मी या कडेपासून त्या कडेपर्यंत हात फिरवत रांगत गेलो. काही लागलं नाही.

देवाचे आभार मानता येतात, तो समोर नसतो. या पोरीचे कसे मानायचे? काही बोलायला गेलं की हत्यारं आवरायला लागते. तिच्या कामाच्या एप्रनचा खिसा उसवला होता. तो दुहेरी टीप मारून शिवला आणि खुंटीला अडकवून ठेवला.

रविवार, १६ मार्च

ही बाहेर आली! पायांत चपला, एका हाताला मी, दुसऱ्या हाताला सूनबाई. नजर सारखी खाली — पायांना कळत नाही तर डोळ्यांनीच चालावं लागतं. खुर्चीत बसली आणि पहिली हाक शेजारणीला. चहा गार झाला तरी दोघींच्या गप्पा संपेनात. सूनबाई पायरीवर बसून नुसती ऐकत होती.

डॉक्टरांना यापुढे 'जाणीव केव्हा येईल' असं विचारणार नाही. इतकं मिळालं, पुष्कळ मिळालं.

शनिवार, २२ मार्च

दुपारी मागचं दार उघडं दिसलं. ही अनवाणीच बाहेर. मी धावलो, तोवर कठड्याला धरून हिने एक पाय वर उचलला होता. कुरकुरत म्हणाली, "अहो, फळ्या केवढ्या तापल्यात. चपला द्या माझ्या."

चपला दारातच होत्या. मला दिसेनात.