कापड्याला न गेलेली बाई

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

पाहिला एकदाचा तो सिनेमा! महिनाभर जो भेटेल तो हेच — ‘झुबेदाबाई, अजून नाही पाहिलात? मग काय पाहिलंत!’ आज शाळेतल्या आम्ही सहाजणी महाडला दुपारच्या खेळाला गेलो. थिएटर गच्च. खेड्यातली हुशार मुलगी, नववीतच लग्न ठरतं, तिच्या शाळेतल्या बाई तडक घरी जाऊन बापाशी भांडतात, लग्न मोडतं, मुलगी डॉक्टर होते. बाप बाईंसमोर हात जोडतो तेव्हा शिट्ट्या पडल्या. शेजारी सेजल मॅडमचा पदर ओला. मीही रडले.

ज्या कादंबरीवरून सिनेमा काढलाय, तिच्यात असं नाही. माझ्याकडे आहे ती — गेल्या वर्षीच्या पुरात भिजून फुगलेली. तिच्यात बाई पोचतात तेव्हा मांडव उतरवत असतात. सिनेमावाल्यांनी बाईंना वेळेवर पोचवलं.

बाहेर पडताना सेजल मॅडम म्हणाल्या, ‘अगदी तुमच्यासारख्याच हो त्या बाई!’

मी हसले. हसले!

मंगळवार, १४ नोव्हेंबर

बालदिन. हेडसरांनी भाषणात सिनेमा आणला आणि मला उभं केलं. ‘आपल्या पोलादपुरातसुद्धा अशा बाई आहेत!’ टाळ्या. गुलाबाचं फूल. घेतलं मी ते.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे?

आवडी. कापडे गावची. १९९७ साली नववीत होती. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण गणितं तोंडी करायची. एप्रिलात एकदा वर्ग रिकामा झाल्यावर टेबलापाशी येऊन उभी राहिली. ‘बाई, माजं लगीन ठरवलंय. तुमी येऊन बाबांना सांगा ना. तुमचं ऐकतील ते.’

‘येते. रविवारी येते.’

‘नक्की?’

‘अगं, नक्की!’

गेले नाही.

नऊ वर्षं स्वतःला सांगत आले — मी मुसलमान बाई, त्यांच्या घरच्या लग्नात तोंड कसं घालायचं? लोक काय म्हणतील? खोटं आहे ते. तिचे वडील हैबतीराव शाळेत आले की माझ्यासाठी आठवणीने काकड्या आणायचे. खरं एवढंच, की त्या रविवारी ऊन फार होतं, दीर मस्कतहून आले होते, घरात बिर्याणी शिजत होती आणि दोन एसट्या बदलून कापड्याला जायचा मला कंटाळा आला. कंटाळा!

जूनमध्ये दहावीची पहिली हजेरी. तिचं नाव पुकारलं. मुली म्हणाल्या, ‘तिचं लगीन झालं, बाई.’ मी नावावर लाल रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं.

शनिवार, १८ नोव्हेंबर

कापड्याच्या एका मुलीला विचारलं. आवडी वरंधला दिली आहे. हैबतीराव गेल्या शिमग्यात वारले. उद्या जाते. ह्यांना सांगितलं, माफी मागायला जातेय. म्हणाले, ‘नऊ वर्षांनी?’

रविवार, १९ नोव्हेंबर

गेले.

विचारत विचारत घर सापडलं. अंगणात भात झोडत होती. मला पाहिलं आणि हातातली पेंढी तशीच खाली टाकली. ‘बाई! तुमी? अवो आई, बघा तरी, आमच्या बाई आल्या!’ सासू बाहेर आली. दोन मुली आल्या. मोठी आठ वर्षांची, तिला माझ्या पाया पडायला लावलं — ‘ह्याच गो त्या!’ नवरा एमआयडीसीत, सकाळच्या पाळीला गेलेला. माणूस बरा हाय, म्हणाली. दारू नाय, मारणं नाय. अंगावर हाडं तेवढी उरलीत तिच्या. चोवीस वर्षांची आहे, माझ्याएवढी दिसते.

तांदळाची भाकरी, सुकट. मी खाता खाता धीर केला. ‘आवडी, तेव्हा त्या रविवारी मी —’

‘ऱ्हाऊ दे, बाई. झालं ते झालं.’ आणि ताटात आणखी एक भाकरी.

चिडेल, रडेल, निदान विचारेल तरी, असं मनात धरून गेले होते. काही नाही. नुसती माया.

थांब्यापर्यंत सोडायला आली. तिथलं आज लिहवत नाही.

सोमवार, २० नोव्हेंबर

थांब्यावर म्हणाली, ‘बाबांनी सांगितलं व्हतं मला. म्हणाले, तू पाण्याला गेलीस तवा बाई येऊन गेल्या. त्यापण म्हणाल्या, स्थळ चांगलं हाय, करून टाका. मग मी रडायची थांबले. म्हटलं, बाई म्हणतात म्हंजे बरोबरच असल.’

एसटी आली. माझा हात धरून म्हणाली, ‘तुमच्यावर राग नाय हो माजा. कंदीच नव्हता.’

मी चढले. तिला खरं सांगितलं नाही.