मधला गर्डर

सोमवार, दिवेलागणीनंतर. शिमग्याचे दिवस.

खाडीवरच्या पुलाच्या गर्डरना आज सेन्सर लावले. वरून गाडी गेली की गर्डर थरथरतो, त्या थरथरीचा वेग मोजायचा, एवढंच माझं काम. आत बारीक चीर गेली असेल तर वेग उतरतो. मधल्या गर्डरचा गेल्या वर्षीपेक्षा उतरलाय. थोडासाच. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

साहेब फोनवर म्हणाले, "उन्हानेही उतरतो. पुढच्या आठवड्यात परत मोजा." पण ऊन लागतं कडेच्या गर्डरना, आणि ते ठीक आहेत. मधला तर दिवसभर सावलीत असतो. मग?

उद्या पालखी. दोन गावांची शीव पुलाच्या मधोमध. तिथेच पालखी पलीकडच्यांच्या खांद्यावर द्यायची, पण त्याआधी ढोलावर नाचवायची. दोन्ही गावं एका तालात, त्या मधल्या गर्डरवर.

बाबा पालखीचे मानकरी. चहा घेताना म्हणाले, "गो, उद्या पुलार पालखी अशी नाचवतलंव, खाडी हालाक व्हयी!" मी हसले. हसले कशी मी?

आकडे चुकले असतील, असं मघापासून स्वतःला समजावतेय. चुकलेच असतील. पण आत्ता लिहिताना ध्यानात आलं, संध्याकाळी काम आटपल्यावर मी पुलावरून आलेच नाही. स्कूटर कट्टा गावावरून लांबच्या फेऱ्याने घातली. काही न ठरवता.

म्हणजे माझ्यापुरता पूल मी केव्हाच बंद केलाय.

बाबा अंगणात ढोल तापवतायत. उठते. सांगते त्यांना.