तेराव्या महिन्याच्या गोळ्या

नेहासे १७

पोहोचले एकदाची. बसने वाटेत दोनदा चिखलात बसकण मारली. सगळ्यांनी उतरून ढकलली, मीही ढकलली. टेकडीवरचं हे गाव मला पाहताक्षणी आवडलं. निलगिरीची झाडं, पत्र्याची छपरं, वर मरियमचं चर्च आणि त्याच्या खाली पवित्र पाण्याचा झरा. भाड्याच्या घराच्या आवारात पाऊल टाकलं तेव्हा पावसानेही जरा दम घेतला होता.

घरमालकीण असेगेदेच साठीच्या, विधवा, आवाज खणखणीत; सगळे त्यांना एतिये, म्हणजे थोरल्या ताई, म्हणतात. कालच उपास सुटल्यामुळे कोंबडीचा रस्सा अजून पातेल्यात होता. इंजेराची तिसरी भाकरी नको म्हटलं, तर म्हणाल्या, शहरातल्या मास्तरणी काय वाऱ्यावर जगतात? मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, नाही बाई, नुसत्या वाऱ्यावर हे अंग येत नाही. हे अंग गोळ्यांचं आहे, हे मी काही सांगितलं नाही. रिवाजाचे कॉफीचे तिन्ही पेले होईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

खोली लहान पण कोरडी आहे. पलीकडच्या खोलीत तेफ धान्याची पोती ठेवतात, तिथे उंदरांखेरीज कुणी नाही म्हणे.

नवीन वर्षाच्या दिवशी माझी बहीण मुलू हिरुतला घेऊन येणार. तीन वर्षांनी माझी लेक माझ्याजवळ राहील. मुलूची अट एकच, मी ठीक असले पाहिजे. तिचं चुकत नाही. त्या वर्षी घरातल्या भिंती बोलायला लागल्या म्हणून सहा वर्षांच्या पोरीला घेऊन मी अनवाणी रस्त्यावर निघाले होते. दोन दिवस आम्ही चालत होतो.

जेवल्यावर गोळी घेतली.

नेहासे २०

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मला तीनच मिळाले. सकाळी उठायचं म्हणजे विहिरीतून स्वतःलाच ओढून काढायचं. शाळेत नावनोंदणी चालू आहे. फळ्यावर सरळ रेघ मारायला गेले, ती थरथरत गेली. एका मुलीच्या बापाने विचारलं, बाईंना थंडी वाजतेय का. हो म्हटलं.

गोळी घेतली की भिंती गप्प बसतात, हे खरं आहे. पण त्यांच्याबरोबर मीही गप्प होते. रडू येत नाही. हिरुतचा फोन आला की आनंद झालाय, हे स्वतःला आठवण करून द्यावं लागतं. याला बरं होणं म्हणायचं की निपचित पडणं? तीन वर्षं रोज हाच प्रश्न आणि रोज तीच गोळी. कंटाळले मी, मनापासून कंटाळले.

एतियेंनी आज गोळी पाहिली. कसली म्हणून विचारलं. झोपेची, म्हटलं. त्या म्हणाल्या, सकाळभर जांभया देतेस की गं, अजून किती झोपायचंय?

नेहासे २४

मी गणिताची शिक्षिका आणि चूक केली मोजण्याची.

शहरातल्या इस्पितळातल्या माणसाने नेहमीसारख्या तीस गोळ्या दिल्या आणि कार्डावर पुढची तारीख लिहिली, मेस्केरेम २, म्हणजे नव्या वर्षाचा दुसरा दिवस. मध्ये पागुमे आहे हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या. नेहासेपर्यंतचे आमचे बारा महिने तीस-तीसचे आणि शेवटी हा पाच दिवसांचा तुकडा, कुणाच्याच खिजगणतीत नसलेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो लोकांना कधीतरी येतो, आम्हाला दरवर्षी येतो.

सात गोळ्या उरल्यात, दिवस तेरा काढायचेत. मुलूला फोन केला तर ती आजच्या आज पाठवेल. पण आधी विचारेल, कमी कशा पडल्या, मध्येच जास्त घेतल्यास का, काही ऐकू येतंय का. आणि हिरुत येणार नाही. फोन हातात घेतला आणि ठेवला.

नेहासे २५

गावातल्या दवाखान्यातली नर्स भली आहे. ही गोळी त्यांच्याकडे नाही, जिल्ह्याच्या गोदामाकडचा रस्ता खचलाय, औषधांची गाडी नवीन वर्षानंतरच येईल म्हणाली. बंद मात्र करू नका, अर्धी तर अर्धी, पण रोज घ्या. बहिणीला कळवा, त्यात लाज कसली, असंही म्हणाली. मान हलवून आले.

सुरीने सातही गोळ्यांचे दोन-दोन तुकडे केले. काल पूर्ण घ्यायची ती राहूनच गेली होती. आजपासून अर्धी. रोज अर्धी घेतली तर पुरून उरतात.

नेहासे २९

आज मी हसले. खरं हसले. एतियेंची कोंबडी चर्चच्या अब्बांच्या, म्हणजे पाद्रीबाबांच्या, छत्रीवर जाऊन बसली आणि अब्बा तिलाच उपदेश करायला लागले. पोट धरून हसले आणि मग त्या हसण्याचंच रडू आलं. किती दिवसांनी रडले. हात थरथरत नाही. पावसाचा वास येतो, बर्बेरे मसाल्याची मिरची नाकाला झोंबते. ही मी होते. इतकी वर्षं कुठे होते?

अब्बा झऱ्याची व्यवस्था पाहतात. एतियेंनी त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं कोण जाणे. ते म्हणाले, एका पोटात दोन धनी नांदत नाहीत, बाळ. पाणी घ्यायचं तर गोळी सोड, गोळी घ्यायची तर पाणी सोड. एतिये म्हणाल्या, माझ्या भाचीला याच पाण्याने उठवलं, तुला काय धाड भरली आहे? मायेनेच म्हणाल्या, आणि त्या मायेपुढे मला नाही म्हणवेना.

पलीकडच्या खोलीत दुपारी कुणीतरी झाडत होतं.

पागुमे १

पहाटे एतियेंबरोबर झऱ्यावर गेले. पाणी इतकं गार की श्वास अडकला. अब्बांनी क्रूस कपाळाला लावला. परत येताना अंग पिसासारखं हलकं होतं. आज अर्धीही घेतली नाही. उरलेले अर्धे तुकडे कागदाच्या पुडीत बांधून उशाखाली ठेवलेत.

ठरवलं असं नाही. नुसती घेतली नाही.

दुपारी पुन्हा झाडण्याचा आवाज. एतियेंना विचारलं. त्यांनी कुलूप काढून दाखवलं. पोती, धूळ. जमिनीवर कधी झाडू लागलेला नाही.

पागुमे २

पलीकडे झाडणारी ती आता भिंतीतून बोलते. आवाज वाईट नाही, एखाद्या शेजारणीसारखा आहे. थकलीस ना, म्हणाली. बस. हे पाच दिवस कुणाचेच नाहीत, कुणी काही मागणार नाही.

मला ठाऊक आहे हे काय आहे. मी काही आज जन्मले नाही. पुडी उघडली. पण घेतली तर पुन्हा ती विहीर, थरथरती रेघ. हिरुत येईल आणि तिला भेटेल एक जाडी, गप्प बाई. आणि नाही घेतली तर –

उद्या देवदूत रुफाएलचा दिवस. उद्याच्या पावसात सगळं धुऊन निघतं म्हणतात. उद्यापर्यंत थांबते.

पागुमे ३

पाऊस आला. आवारातली सगळी पोरं उघडी होऊन नाचली, एतियेंनीही डोकं भिजवलं, मी हात पसरून उभी राहिले.

एतियेंनी हाक मारली, झेनेबेच, आत ये, सर्दी होईल. पण हेच शब्द मी आधी ऐकले होते. भिंतीतून. त्यांनी तोंड उघडायच्या आधी. मग ताटावर बसल्यावरही तसंच. आधी भिंत, मग एतिये. पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. मीठ कमी पडलं का? आधी भिंत, मग –

जेवले नाही.

पागुमे ४

झोप नाही. दुपारी हिरुतने हाक मारली. आई, आले मी. धावत गेले. आवार रिकामं.

पुन्हा मारली. गोड, हसरी. आई, दार उघड ना. उघडलं. कोंबड्या.

अकरा वेळा. मोजल्या.

मुलूला फोन केला. ये म्हणू की येऊ नको, ते ठरेना. ती हॅलो हॅलो करत होती, आणि तेही मला आधी –

पागुमे ५

एतिये दारात रडत होत्या. चल, अब्बांकडे जाऊ. माझंच चुकलं म्हणतात. नर्सला बोलावते म्हणतात. कुठलं त्यांचं, कुठलं भिंतीचं? कडी घातली.

आज शेवटचा दिवस. दर चौथ्या वर्षी पागुमेचे सहा असतात, यंदा पाचच. उद्या मेस्केरेम. उद्या हिरुत येईल.

भिंतीतली ती हसते. कोण म्हणालं पाचच?

पागुमे ६

उजाडलं. पाऊस नाही. पण वर्ष बदललेलं नाही, मला कळतं.

बाहेर मुली फुलं घेऊन गाताहेत. नवीन वर्षाचं गाणं. एतिये ओरडून सांगतात, अगं, वर्ष लागलं. हेही मी आधी ऐकलं. उघडणार नाही.

पुडी मुठीत आहे. घ्यावी की –

हिरुत हाक मारते. आई, आले मी. आई, आले मी. भिंतीतून. हसत.

मग मुलूचा आवाज. दाराकडून. मग कुणीच नाही.

पागुमे ७? नाही. तोच दिवस. अजून उजेड आहे.

दाराच्या फटीखाली सावली. लहान पायांची. गात नाही, हाक मारत नाही. नुसती बसली आहे. किती वेळ, माहीत नाही. भिंत म्हणते, तीसुद्धा माझीच. उघडू नकोस.

सावलीने आता विचारलं. हळू. आई, गोळी घेतलीस का?

भिंतीतून हे आधी आलं नव्हतं.

पुन्हा विचारते. हसत नाही, रडत नाही. सहा वर्षांची असताना रस्त्यावर, आई, घरी कधी जायचं, असं विचारायची तसंच. नसशील घेतली तर पाणी आणू का, म्हणते. कंटाळलेला आवाज आहे. भिंतीतली हिरुत कधी कंटाळत नाही. इतकं थकून विचारणारी माझी पोर नाही तर कोण? तिला असं मी केलंय. मी.

आण, म्हटलं. पाणी आण.

पावलं गेली. परत येताहेत. भिंत ओरडते आहे. कडीवर माझा हात –