मला न पडलेलं स्वप्न

धाकली माय, तू गेलीस त्या वयाच्या बाया आता मला लेकीसारख्या वाटतात, इतकी वर्षं झाली. लढाईपायी कागद मिळत नाही, म्हणून मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. देवाला हे सांगून झालं. दर एकादशीला सांगते, तो ऐकून घेतो. पण अपराध तुझा केला होता, देवाचा नाही.

तू पाट लावून आमच्या घरी आलीस. तुझा पहिला नवरा तापाने गेलेला, माझी आई बाळंतपणात गेलेली, आणि बाबा दोन वर्षं कुणाशी न बोलता जेवून उठणारे. मी नऊ वर्षांची. दुसरेपणाच्या बायकोने गळ्यात घालायचा म्हणून आत्याने आईच्या नावाचा चांदीचा टाक तुझ्या गळ्यात बांधला. तू तो असा सांभाळलास, जणू घरातली वडील जाऊच. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून आधी त्याला दाखवायचीस, "ताई, जेवा." बाबांनी अक्कलकुव्याच्या बाजारातून तुला लुगडं आणलं, तेही घडी न मोडता आधी त्याला लावलंस.

ती दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. तू चुलीपाशी बसली आहेस, दादर ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर फुगते आहे, बाबा ताटावर. तू टाकाला तुकडा दाखवलास तसे बाबा म्हणाले, "ताईलेच वाढी ऱ्हायनीस, आम्हनं काय?" तू पदर तोंडाला लावून म्हणालीस, "ताई काय तुमनासारखी खादाड नई शे." आणि बाबा हसले. ठसका लागेपर्यंत हसले. मला वाटलं, माझ्या आईच्या नावावर हसताहेत. आज मला दोन मुलं आहेत, संसार आहे, आज कळतं की तो माणूस इतक्या दिवसांनी नुसता चव घेऊन जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला सांगितलं, "मन्ही माय सपनमा उनी व्हती. ती बोलनी, हाई बाईले घरमाथीन काढा." आत्याच्या हातातलं सूप थांबलं. "लुगडं कोनतं नेसेल व्हती?" मी म्हणाले, "हिरवं." आईला हिरवं नेसवून स्मशानात नेलं होतं. पोरांना अशा वेळी शेजारी पाठवतात, म्हणून आत्याला वाटलं मला ठाऊक नाही. पण मी शेजारच्या कुडाच्या फटीतून पाहिलं होतं. तेवढ्या एका रंगावर सगळ्या घराने माझं खरं मानलं.

तुला तिसरा महिना होता. ताईचा राग जावा म्हणून तू उपास धरलेस, कुणाचं ऐकलं नाहीस. महिनाभरात गर्भ पडला. आत्या म्हणाली, "देखा, मी सांगे ना?"  एका बायकोला बाबांनी स्वतःच्या हाताने अग्नी दिला होता. पहिली आता दुसरीला घेऊन जाईल या भीतीने त्यांनीच गाडी जुंपली. गाव म्हणालं, टाकली. टाकली नव्हती गं. जगावीस म्हणून लोणखेड्याला माहेरी धाडली होती.

गाडीत बसण्याआधी तू टाक काढून बाबांच्या हातात दिलास. मला जवळ घेऊन म्हणालीस, "तुन्ही माय परत उनी ते तिले सांगजो, मी तिन्हं काहीच लिधं नई." तू आईचं काही घेतलं नाहीस हे सांगेन, म्हणून मी मान हलवली. तेव्हा खरं बोलता आलं असतं. बैल अजून दारातच उभे होते.

पावसाळ्यात निरोप आला, तापाने गेलीस. बाबांनी पुन्हा पाट लावला नाही. मला मात्र नंदुरबारला शाळेत घातलं, मॅट्रिक होईपर्यंत शिकवलं, कारण तू एकदा म्हणाली होतीस, "पोर हुशार शे, तिले शिकाडा."

आता बाबा माझ्याकडेच असतात. डोळे गेले, दिवसाचं, गेल्या-राहिल्याचं भान राहत नाही. परवा दुपारी मी डाळ निवडत होते, तर म्हणाले, "पोरी, तुन्ही माय आते सपनमा येस का?" मी डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. "अजून रागमा शे का ती?" खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणाले, "नई बाबा, तिन्हा राग गया." ते ताडकन उठून बसले. काठी चाचपू लागले. "मंग गाडी जुप ना! धाकलीले लई येऊत." मी म्हटलं, "ऊन उतरू द्या, मंग जाऊत."

तुला आणायला निघायचं म्हणून ते अंगरखा चढवून, पागोटं बांधून ओट्यावर जाऊन बसले. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, ऊन उतरलं का. मग बसल्या बसल्या डोळा लागला.

हे पत्र टपालात पडायचं नाही, आणि बाबांनाही मी ते वाचून दाखवणार नाही. झोपेतून उठले तेव्हा त्यांनी चहा मागितला. तुझं नाव काढलं नाही. धाकली माय, ते विसरले हे पाहून मला हायसं वाटलं.