दोन रिमोट आणि गुळाची थप्पी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहायला बसलेय ते कशाबद्दल, तर व्हिडिओ गेमबद्दल. हसा खुशाल. मी सातवी पास झाले म्हणून मामांनी औरंगाबादहून आणलेला तो, टीव्हीला जोडायचा, दोन रिमोटांचा, एका कॅसेटमध्ये ढीगभर खेळ असलेला. तेलगावात तेव्हा केबल नुकतीच आली होती आणि तेवढ्यानंच तुमचं डोकं उठलं होतं. मेव्हण्याची भीड म्हणून तुम्ही मामांच्या तोंडावर काही बोलला नाहीत. मामा एसटीत बसले आणि तुम्ही सुरू झालात, "एक येडं घरात होतंच, आता ह्ये दुसरं कावून आणलं?"

त्या वेळी तुमचा आणि काकांचा अबोला होता. कारण काय, तर गूळ. एका पावसाळ्यात काकांनी आपल्या गुळाच्या दुकानाच्या गोदामात ढेपांची थप्पी एकमेकींना चिकटवून, पार भिंतीला टेकवून लावली. वारा खेळायला बोटभर फट ठेवली नाही. गुळाला पाणी सुटलं, आणि तुम्ही हमालांच्या देखत म्हणालात, "इतकी वर्सं दुकानात बसून तुला थप्पी लावता येत न्हाई, काय उपेग तुजा?" झालं. काका मागच्या गल्लीत वेगळे राहायला गेले, दुकानाच्या मधोमध पत्रा ठोकला गेला आणि तीन वर्षं तुम्ही दोघे पत्र्याच्या दोन बाजूंना तोंडं फुगवून बसलात. निरोप न्यायला मी. "तुज्या काकाला सांग, टेम्पो आलाय." काका पलीकडं हातभर अंतरावर सगळं ऐकत असायचे, तरी मी रस्त्यावरून वळसा घालून जायचे आणि तेच पुन्हा सांगायचे. आई म्हणायची, "दोगं बी मातारे होतील, पर आदी तोंड कोण उगडणार न्हाई." मला तुमचं भांडण, तो गूळ, काही कळत नव्हतं. मला खांद्यावर बसवून बाजार दाखवणारे माझे काका परत घरात हवे होते, बस्स.

त्या सोमवारी दुकान बंद होतं. मी ठोकळ्यांचा गेम खेळत होते आणि तुम्ही बाजेवर पडून, बघत नसल्यासारखं दाखवत, बघत होतात. "एकटीच खेळायलीस. दुसरं रिमोट मग कशाला दिलंय?" असं तुम्ही म्हणालात, आणि आप्पा, माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी मागच्या दारानं काकांकडे पळाले. काका जेवत होते. मी म्हणाले, "आप्पांनी बोलवलंय. गेम खेळायला." त्यांचा घास हातातच राहिला. "दादा बोलला? माजं नाव घिऊन?" मी हो म्हणाले. तशीच परत आले आणि तुम्हाला म्हणाले, "काका आपणहून यायलेत. दादासंगं खेळतो म्हणले." तुम्ही उठून बसलात, टोपी घातलीत. घरातल्या घरात टोपी! एकानं दुसऱ्याला विचारलं असतं, तर माझं काही खरं नव्हतं.

काका दारात उभे आहेत. तुम्ही भिंतीकडं बघून म्हणता, "ये. बस." मी घाईघाईनं दोघांच्या हातात रिमोट देते. वरून ठोकळे पडतात, ते खाली बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. एकाची ओळ गेली की दुसऱ्याचा ढीग खालून वर सरकतो, आणि ढीग छताला लागला की तो हरला. दोघे ऐकून घेता, एकमेकांकडं न बघता. आणि तुम्ही काय करता? प्रत्येक ओळीत भिंतीलगत एक फट ठेवता! मी ओरडतेय, "आप्पा, ती फट भरा!" तुम्ही ढिम्म. "फट पायजेच. माल घामेजतो." तिकडं काका घट्ट थप्पी लावतायत, त्यांच्या ओळी पटापट जातायत, तुमचा ढीग वर वर चढतोय, आणि तुम्ही चिडलात, "माल भरला की गायब? ही कुठली रीत?" काकांना राहवेना. तीन वर्षांनी ते पहिल्यांदा तुमच्याशी बोलले, "दादा, अरं टीव्हीत कुठला आलाय गूळ! भर की ती फट!"

स्वयंपाकघरात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मी डोळे मिटून घेतले. आणि मग तुम्ही हसलात, आप्पा, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुमचा ढीग केव्हाच छताला लागला होता. तुम्ही काकांच्या पाठीत धपाटा घातलात आणि म्हणालात, "तुजी थप्पी हितं मातर लई बेस बसती बे!" काका बाहीनं तोंड पुसत राहिले, आणि तुम्ही माझ्यावर खेकसलात, "बघतीस काय? पुन्यांदा लाव!" त्या दिवशी तुम्ही एकही डाव जिंकला नाहीत आणि शेवटपर्यंत ती फट काही भरली नाहीत. आठवलं की मला अजून आनंदानं भरून येतं.

तुम्ही जाईपर्यंत येईल त्याला सांगत होतात, "धाकटा आपणहून आला. त्येचं मन मोठं." काका अजूनही लग्नाकार्यात कुणालाही धरून सांगतात, "थोरला असून दादा आदी वाकला." एकमेकांना तोंडावर मात्र तुम्ही हे कधी म्हणाला नाहीत. असलं गोड बोलायची तुम्हा दोघांनाही लाज, आणि तेवढ्यावरच मी तरले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि घरात ठेवायची सोय नाही. काका सध्या माझ्याकडेच आहेत, आणि चष्मा लावून पुडीचा कागदसुद्धा वाचून काढतात. दुपारच्या झोपेतून ते उठायच्या आत फाडून टाकते. खोटं बोलल्याबद्दल तुमची माफी मागावी म्हणून लिहायला बसले होते, आप्पा. पण खरं सांगू का, मला एक दिवससुद्धा वाईट वाटलेलं नाही.