रजईतली बंदूक

३ जानेवारी, दुपार
तर सगळ्यांत आधी आला टोपीवाला. मग मफलरवाली बाई, आणि शेवटी आमच्या नातीचा कोच, नाक लालबुंद. नेमबाजीच्या ज्युनिअर टीमसाठी मुलगी निवडायला आलेत. जागा एकच, आणि नातीचं ज्युनिअरमधलं हे शेवटचं वर्ष. मागच्या शेडमध्ये तिने नेम धरला, तर सगळे छर्रे खाली खाली. कोच म्हणाला, स्प्रिंगची बंदूक आहे, गारठ्यात आतलं ग्रीस घट्ट होतं, स्प्रिंग सुस्तावते. म्हटलं, अगदी माझ्या गुडघ्यांसारखं! मफलरवाली हसली. मी आवडले तिला. रविवारी पुन्हा बघू म्हणाले. म्हणजे निवड झाल्यातच जमा.

५ जानेवारी
नात सारखी शेडमध्ये. नेम धरायची मागची साइट का काय ती वर सरकवली, आता गारठ्यातही छर्रा मधोमध बसतो म्हणे. बंदूक तिथेच खुंटीला राहू दे, घरात आणलीस तर बघ आजी, असा दम दिला मला. बरं बाई, म्हटलं. पण इतक्या थंडीत? पोरीला काय कळतंय.

७ जानेवारी, सकाळ
गरम पाण्याची पिशवी, त्यावर बंदूक, वरून माझी रजई. तान्ह्या बाळासारखी गुंडाळली. पाहुणे यायच्या आत परत खुंटीला. नातीच्या हातात मोजे, तिला पत्ताच नाही!

७ जानेवारी, संध्याकाळ
पहिला छर्रा कागदाच्याही वर, थेट फळीत. कोच ओरडला, अगं हे काय! मग बंदूक निवत गेली तसे छर्रे हळूहळू खाली उतरले. मध्याजवळ आले आणि पाळी संपली. मी टाळ्या वाजवल्या. किती सुधारली! कोचने बंदुकीच्या दस्त्याला हात लावला, जराशी ऊब होती अजून. माझ्याकडे बघतच राहिला. कौतुक, दुसरं काय.
जागा पलीकडच्या गल्लीतल्या मुलीला गेली. तिला तर आजीसुद्धा नाही बिचारीला.
नातीने माझी रजई घडी करून पलंगावर आणून ठेवली. आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दमली असेल.
कोच म्हणतो, पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही. वयाचं काय घेऊन बसलाय, माझ्याकडे बघा! पिशवीचं बूच तेवढं गळतंय, नवी आणायला हवी. मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा मफलरवालीने कबूल केलंय, पुन्हा येऊ. पुढचा जानेवारी, पहिला रविवार.