मार्टिनच्या मृत्यूबाबत खुलासा

सोमवार, ३ फेब्रुवारी २००३. दुपारी ४.१०
आज या वेळी मार्टिन मारला गेला. माझी चूक नव्हती, हे नोंदवून ठेवते.

पुतण्या वीरेशचा गेवराईत कॉम्प्युटर क्लास आहे. तिथला एक जुना कॉम्प्युटर त्याने दिवाळीनंतर माझ्याकडे आणून ठेवला. यजमान गेल्यापासून त्याला वाटते की मी रिकामी बसते. मी रिकामी बसत नाही. आधीचा गेम संपवला तोसुद्धा त्यातले इंग्रजी तपासायला. इंग्रजी सामान्य. आज त्याच गेमच्या पुढच्या गोष्टीची सीडी आली. 'एक्सपान्शन पॅक' म्हणतात.

जुन्या काळातले फ्रान्स. किल्ल्याला वेढा. मी म्हणजे तलवार घेतलेला एक तरुण. सोबतीला मार्टिन, म्हातारा शिपाई, गुडघा धरून चालतो. चौकात तो म्हणाला, तू बाहेरून दोर घेऊन ये, मी थांबतो. मी दाराबाहेर पडले आणि त्याला बाण लागला.

उद्या अर्ध्या तासात वाचवते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
मेला. माउस खराब आहे. वीरेशला फोन केला.

बुधवार, ५ फेब्रुवारी
नवा माउस. मेला.

साखराबाई दूध घालायला आली आणि बघत उभी राहिली. म्हणाली, "आवं बाई, म्हाताऱ्याला एकट्याला कावून सोडता? संग न्या की." तो जागचा हलत नाही, गेमच तसा आहे, असे तिला समजावले. मग तुम्ही तरी कशाला हलता, म्हणाली. दुधात पाणी जरा बेताने घालत जा, असे सांगून तिला वाटेला लावली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
योजना केली. चौकातले, तटावरचे, जिन्यातले सगळे शत्रू आधी संपवायचे, मगच बाहेर पाय टाकायचा. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपिरियर सांगत, तयारी असलेला माणूस नापास होत नाही. जन्मभर मुलींना मीही तेच शिकवले.

सगळे मारले. एक उरला नाही. बाहेर पडले, तर मार्टिनला बाण. मारायला कोणी शिल्लकच नव्हते. मग बाण आला कुठून?

रात्री जेवले नाही. भूक नव्हती. गेमचा संबंध नाही, हल्ली नसतेच.

रविवार, ९ फेब्रुवारी
वीरेश आला. सगळे ऐकून घेतले आणि हसला. म्हणाला, "काकू, त्यो मरनारच हाय. तुमी काय बी करा. गोष्टच तशी लिवलीय."

मी विचारले, मग माझ्या हातात तलवार कशाला दिली? त्यावर त्याने चहा मागितला. मार्टिन मेल्याशिवाय पुढचा भाग उघडत नाही म्हणे. पुढे लई भारी हाय, जहाज हाय, समुद्र हाय. मला समुद्राचे काय करायचे आहे? जाताना म्हणाला, काकू, एका जागी अडकून बसू नका. शिकवणी घेणाऱ्याने काकूची शिकवणी घेऊ नये.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
वीरेश चूक, मी बरोबर. दाराबाहेर पाऊलच टाकले नाही तर मार्टिन मरत नाही. कंपनीच्याही हे लक्षात आलेले दिसत नाही.

दुपारभर चौकात उभी राहिले. तो गुडघा चोळतो, आभाळाकडे बघतो. मधूनमधून म्हणतो, तू जा, मी इथेच आहे. औरंगाबादच्या दवाखान्यात हेही असेच म्हणाले होते. जा, चहा पिऊन ये, मी कुठे जातोय? त्याचा इथे संबंध नाही. चहा पांचट होता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
चौक. मार्टिन ठीक.

तीन वाजता लाइट गेली. परत आली तेव्हा गेम पुन्हा चौकातच सुरू झाला, म्हातारा उभा. लोडशेडिंगविरुद्ध लिहिलेला अर्ज फाडून टाकला.

साखराबाईने दारातूनच विचारले, "हाय का जित्ता?" हो म्हटले. "मंग आता तुमी जेवून घ्या," म्हणाली. दुधाबरोबर एक भाकरी ठेवून गेली. खाल्ली.

शनिवार, १५ फेब्रुवारी
चौक. वीरेशचा फोन. म्हणाला, काकू, नुसते उभे राहणे म्हणजे खेळणे नव्हे. वेढा म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. वेढ्यात टिकून राहणे हीच लढाई असते. कॉलेजात इतिहास हा विषय होता माझा.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपारी ४.१०
कंपनीला पत्र लिहायला बसले. पत्ता पाहावा म्हणून सीडीचे पाकीट शोधले. पाकिटावर काहीच नाही. सीडीवर स्केचपेनने गेमचे नाव, तेही स्पेलिंग चुकवून. वीरेशला फोन केला. म्हणाला, कॉपी हाय काकू, पत्ता कुठून यील?

पत्ता नसला म्हणून तक्रार रद्द होत नाही. मजकूर असा:

महोदय, सगळे शत्रू मेल्यावर मार्टिनला बाण कोणी मारला, हे कळवावे. तो वाचणारच नव्हता, तर दोर आणायला मला बाहेर का पाठवले? त्याच्याजवळ थांबू का दिले नाही? 'गोष्टच तशी आहे' हे उत्तर चालणार नाही. ते मी आधी ऐकले आहे.

२८ फेब्रुवारीच्या आत लेखी उत्तर द्यावे. तोपर्यंत मी दाराबाहेर पडणार नाही.